उतू गेलेल्या दुधाचं भांडण

गळ्यातली गाठ ऑपरेशननं निघाली, पण जाताना माझा आवाज घेऊन गेली. शाळेत वर्गावर ओरडण्यापुरता तो उरला होता, गाण्यापुरता नाही. वरच्या षड्जाकडे निघालं की घसा निम्म्यातच बसायचा. विशीपासून मी गात आले होते. आता गाणं सुटणार, ह्या धास्तीनं मी घरात सगळ्यांवर खेकसत होते. नवरा बिचारा चहासुद्धा स्वतःच करून घ्यायचा.

शेवटी एक दिवस तंबोऱ्याला गवसणी घातली आणि तो गुरुजींना परत द्यायला गेले. गुरुजी उमेदीच्या काळात लग्नाच्या बँडमध्ये होते, नंतर पेटीवर गाणं शिकवू लागले. म्हातारपणी त्यांना मोबाईलवर ऑपेरा बघायचा नाद लागला. भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण जुन्या काळच्या एका इटालियन संगीतकारावर त्यांचा फार जीव. नातीकडून त्याचं चरित्र त्यांनी वाचून घेतलं होतं.

मी तंबोरा टेकवला, तर त्याच्याकडे ढुंकूनही न बघता त्यांनी ते चरित्रच सांगायला घेतलं. तळघरात जन्मलेलं पोर. बाप गहाणाच्या पेढीवर रखवालदार. धर्मादाय शाळेत गाणं शिकायला गेलं, तर गळ्यातच दोष निघाला. नाव कमी व्हायची वेळ आली. पण तिथल्या गुरूनं त्याला सोडलं नाही. शाळेतल्या मुलांसाठी एक छोटं संगीत नाटक लिहिलं आणि त्यात संगीतकाराचं काम ह्यालाच दिलं. पुढं त्या पोरानं ऑपेरांचा ढीग रचला.

मी म्हटलं, मी चाळिशी ओलांडलेली बाई, मला कशाला सांगता असल्या गोष्टी? सूर चढत नव्हता, पारा तेवढा चढत होता.

"गाऊ नको," गुरुजी म्हणाले. "गुरुपौर्णिमेला मला एक भांडण बांधून दे. ऑपेरात माणसं भांडत्यात बी गाऊनच की."

खोटं कशाला बोलू, भांडण म्हटल्यावर माझं डोकं चालायला लागलं. दूध उतू गेलंय आणि कुणामुळं गेलं ह्यावरून मायलेकींची जुंपलीय, एवढीच गोष्ट. शब्द माझ्याच स्वयंपाकघरातले. शेजारच्या यंत्रमागांची खटखट इतकी कानात बसलेली की ठेका तोच धरला. घोगऱ्या आवाजात गुणगुणायचं, मोबाईलवर रेकॉर्ड करायचं, पुसायचं, पुन्हा करायचं. भाकरी करपली तरी भान नसायचं. कितीतरी दिवसांनी मला बरं वाटत होतं.

गुरुपौर्णिमेला प्रत्येक शिष्यानं गुरूसमोर गायचंच, अशी आमच्याकडे रीत. मी मात्र जेवणाची व्यवस्था अंगावर घेऊन गुरुजींच्या माडीच्या दाराशी बसले. माझं भांडण गायला एक कॉलेजातली पोरगी होती. घरी तेलुगू बोलणारी, काचेसारखा स्वच्छ आवाज. आई आणि मुलगी, दोन्ही तीच गाणार होती.

मुलगी तिनं छान रंगवली. आईची ओळ आली आणि बाईसाहेबांनी तिथं एक गोड मुरकी घेतली. परत घेतली. माझं टाळकंच सरकलं. तिथूनच ओरडले, "अगं, लाडू वळतेयस का? दूध उतू गेलंय तिचं!" आणि ती ओळ मी स्वतःच गायले. घसा फाटला होता, राग खरा होता, ओळ नेमकी बसली.

सगळी माडी वळून माझ्याकडे बघायला लागली. आपण गायलो हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. कान तापले. कुठं तोंड लपवू असं झालं.

गुरुजींनी पेटीवर पट्टी खाली घेतली, माझ्या आवाजाच्या बेताची, आणि त्याच ओळीचा पहिला सूर धरून ठेवला.

"ही पट्टी तुझी," म्हणाले. "आईचं काम तू कर."

डोळे भरून आले होते, तरी उठले. कोपऱ्यातला तंबोरा कुणीतरी गवसणीतून काढून जुळवायला घेतला होता. मी पदर खोचला आणि त्या पोरीशी भांडायला बसले.