शिंपायची राहिलेली आंबील

पैसे भरून आपल्याच रानात जायचं मी ठरवलं, तेव्हा मला त्यात काही विचित्र वाटलं नव्हतं. मोबाइलवर एक जाहिरात आली: 'वर्षातला सर्वांत लहान दिवस. सूर्य थांबतो, आपणही थांबूया. मातीच्या कुशीत नव्या ऋतूचा संकल्प.' खाली फोटो होता. फोटोतली विहीर आमची होती. तिच्या कठड्यावर आता पणत्या ठेवलेल्या होत्या, एवढाच फरक.

मुरुमच्या अलीकडचं हे रान माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, विकलं त्याला काही वर्षं झाली. अण्णा गेले आणि आई माझ्याकडे पुण्याला आली. ती कधी काही मागत नाही. पण दर वर्षी येळवस आली की ती सकाळपासून स्वयंपाकघरात राबते, सगळं रांधते आणि मग न जेवता खिडकीशी बसते. धाराशिव-लातूरकडच्या लोकांना येळवस सांगायला नको. इतरांसाठी सांगते: वेळ अमावस्या. ऐन थंडीत, ज्वारी-हरभरा रानात उभा असताना, घरदार कुलपात घालून सगळे शेतावर जातात. कडब्याची खोप करायची, चुन्याने रंगवलेले पाच दगड म्हणजे पांडव, त्यांना पुजायचं. माती त्या दिवसांत पोटुशी असते असं आम्ही मानतो. म्हणून ताकातली आंबील मडक्यातून नेऊन सगळ्या रानावर शिंपडायची. ते तिचे डोहाळे.

यंदा येळवस आणि तो लहान दिवस लागूनच आले होते, आणि शिबिरवाल्यांनी दोन्ही एकाच कार्यक्रमात गुंडाळले होते. मी दोघींची नावं घातली. आईला एकदा तरी आपल्या रानात आंबील शिंपडता यावी, एवढंच मनात होतं.

"आपल्या रानात जायला आता पास लागतो व्हय?" आई म्हणाली. पण त्याच संध्याकाळी तिने ज्वारीचं पीठ चाळायला घेतलं.

पुण्याहून पहाटे निघालात तर सोलापूर नाश्त्याच्या वेळेला येतं. पुढे हैदराबादचा हायवे धरायचा. रस्ता चांगला आहे, टोल आहेत, नळदुर्ग सोडलं की येणेगूरवरून मुरुमकडे वळायचं. एक सूचना मात्र मनापासून: येळवशीच्या दिवशी या भागात हॉटेलच्या भरवशावर राहू नका. गावंच्या गावं ओस पडलेली असतात, चहाची टपरीसुद्धा बंद. उपाशी मात्र राहणार नाही. कुठल्याही रानाशेजारी गाडी हळू करा, कोणी ना कोणी हात करून "या जेवायला" म्हणणारच. त्या दिवशी वाटसरूला नाही म्हणत नाहीत, वैऱ्यालासुद्धा नाही.

आई मागच्या सीटवर मांडीत मी आणून दिलेलं आंबिलीचं मडकं धरून बसली होती. चुन्याचे पट्टे तिने स्वतः ओढले होते. वळणावळणावर "हळू घे गं" एवढंच म्हणत होती.

फाटकावर आमची नावं विचारून मनगटाला केशरी दोरे बांधले. आत पाऊल टाकलं आणि मी आईकडे बघायचं टाळलं. जिथे ज्वारी असायची तिथे हिरवळ, मध्ये खडीची वाट, कडेला तंबू. राहायची सोय उत्तम, स्वच्छ संडास, गरम पाणी, जेवण सात्त्विक आणि बेचव. दर तुम्ही विचारालच: दोघींच्या एका रात्रीच्या पैशांत सोलापूरच्या चांगल्या हॉटेलात तीन रात्री निघाल्या असत्या.

आमचे पाच दगड सापडले. लिंबाखालून उचलून त्यांना हिरवळीच्या मधोमध गोल मांडलं होतं, भोवती झेंडू. शिबिर घेणाऱ्या बाईंना सगळे दीदी म्हणत. त्या गोड आवाजात समजावत होत्या, "ही पंचमहाभूतं. यांच्यासमोर बसून आपण अंधाराला निरोप देणार आहोत."

"हे पांडव हायत, बाई," आई म्हणाली. "ह्यो टवका उडालेला भीम. आमच्या बैलगाडीचं चाक लागलं होतं त्याला."

"किती सुंदर! ऊर्जा तीच, नाव वेगळं," दीदी म्हणाल्या आणि त्यांनी आईच्या खांद्यावर हात ठेवला. कोणीतरी फोटो काढला.

मग सगळ्यांना कागदाचे कपटे वाटले. येत्या ऋतूसाठी मनातला संकल्प लिहायचा आणि सांजेला अग्नीला द्यायचा. मीही काहीतरी लिहिलं, कमी चिडेन असं. आईने कागद परत केला. मला आमच्या घरची सत्यनारायणाची पूजा आठवली. भटजी संकल्प सांगायचे तेव्हा आधी गाव, नदीचा काठ, मग कुळ आणि नाव असं सगळं अण्णांकडून वदवून घ्यायचे. मी कोण आणि कुठे बसलोय हे ठरल्याशिवाय संकल्प सुटतच नाही. आईने यातलं काय सांगायचं होतं?

दीदींनी आंबिलीची गोष्ट ऐकली आणि त्या हरखल्या. "आई, तुम्ही पुढे व्हा. आम्ही सगळे मागून येतो. धरणीमातेला आपण सगळे मिळून अर्पण करू." वीसेक माणसं मोबाइल सरसावून उभी राहिली. आईने मडकं काखेत घेतलं, लिंबाचा डहाळा हातात घेतला. हिरवळीच्या कडेला गेली. वाकली. बोटांनी गवत बाजूला करून खालची माती चाचपली. बराच वेळ चाचपली.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"ह्याच्या पोटात काय बी न्हाय," ती म्हणाली. "पेरलंच न्हाय कुनी. डोहाळे कुनाला घालू?"

दीदी म्हणाल्या, भाव महत्त्वाचा. आईने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती सरळ तारेच्या कुंपणापाशी जाऊन उभी राहिली.

कुंपणापलीकडे नानांचं रान. नाना म्हणजे अण्णांचे चुलत भाऊ, आणि अण्णांचे जन्माचे वैरी. कारण काय, तर बांध. कोणी कोणाच्या हद्दीतला नांगराचा एक तास ओढून घेतला यावरून दोघांनी उमरग्याच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. मला समजायला लागल्यापासून त्या घरचं पाणीही आम्ही प्यायलो नव्हतो. आता त्या रानात डोक्याच्या वर गेलेली ज्वारी उभी होती, खोप होती, आणि खोपीसमोर पंगत बसली होती. मला राग आला, आणि तो नानांवर नाही, रान विकणाऱ्या अण्णांवर आहे, हे मला तेव्हा कळलं.

"ओ वहिनी!" नानांनीच हाक मारली. "तिकडं तारंला काय धरून बसलाव? या, जेवायला या!"

कुंपणाला तिकडून वाट नाही. फाटकातून बाहेर पडून रस्त्याने वळसा घालून आम्ही गेलो. नाना थकले होते, पण त्यांनी उठून घोंगडं अंथरलं. नानींनी वाढलं: कालवून शिजवलेल्या शेंगाभाज्यांची भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर, आंबट भात. इतकी वर्षं न चाखलेल्या हातची भज्जी अगदी आईच्या भज्जीसारखी लागली. लागणारच, दोघी एकाच आजेसासूच्या चुलीवर शिकलेल्या. आई जेवली. दोनदा भज्जी मागून घेतली. मी खुळी, मला वाटलं, संपलं सगळं वैर.

हात धुऊन आईने मडकं पुढे ओढलं. "भावजी, एक मागू का? ही एवढी आंबील तुमच्या ज्वारीला शिंपू द्या. लांबनं आनलीया."

नानांनी मडकं हाताने मागे सारलं.

"वहिनी, पोटभर जेवा. जाताना उंडे बांधून न्या. पर ते मागू नका. आंबील धन्यानं शिंपायची असती."

"अवो, सणासुदीचं..." नानी म्हणाल्या.

"तू गप बस." नानांचा आवाज चिरकला. "मी ते तारंपल्याडचं रान मागाया अण्णाच्या दारात गेल्तो. बाजारभावापरीस जास्तच देत हुतो. म्हनलं, भाऊ, आपल्या आज्याची जमीन हाय, आपल्यातच ऱ्हाऊ दे. तर म्हनला, तुला द्यायापरीस परक्याला दीन. दिलं. माज्या हाती आस्तं तर आज तितं ज्वारी आस्ती आन तुमी दर साली हक्कानं आला आस्ताव. आता परक्याच्याच रानात शिंपा."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आईने माझा हात दाबला.

"बरोबर हाय त्यांचं," ती म्हणाली. "मला कुनी इचारलं न्हवतं. पर बरोबर हाय."

भाऊबंदाच्या हाती जाऊ नये म्हणून जमीन परक्याला विकणारे अण्णा काही एकटे नव्हते. तिकडे दर गावात असा एक तरी सापडेल. नानांपुढे हरलो असं लोकांनी म्हणू नये, एवढ्यासाठी त्यांनी आईची येळवस विकली. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मी रागावले आहे.

सूर्य कलायला लागला तशी येळवशीच्या रीतीप्रमाणे सगळ्या रानांतून माणसं पेटत्या पेंढ्या घेऊन धावू लागली. नानांचा मुलगाही बांधावरून आरोळ्या ठोकत धावला. आम्ही परतलो तेव्हा शिबिरात ढोलकीच्या तालावर कागदाचे कपटे जळत होते. दीदी सांगत होत्या की आतला अंधार आता ओसरतोय. आई तंबूत जाऊन निजली. उशाशी मडकं, तोंडापर्यंत भरलेलं. तो लहान दिवस बघायला आम्ही थांबलो नाही, सकाळीच निघालो.

शिबिराच्या पानावर आता आईचा फोटो आहे. काखेत मडकं, हातात डहाळा, खाली ओळ: 'धरणीमातेला अर्पण करताना.' तो बघून तुमच्यातल्या कितीतरी जणांनी मला पत्ता विचारला, म्हणून हे लिहिलं. जायचं तर जरूर जा, गाद्या मऊ आहेत. पण येळवस बघायची असेल तर रस्त्याने जा आणि हाक येईल तिथे थांबा.

पुण्यात पोचेपर्यंत आंबील फसफसली होती. मी आईला म्हटलं, बाल्कनीतल्या कुंड्यांना घाल. तिने कुंड्या बघितल्या. शोभेची झाडं, नर्सरीतून आणलेली. मग ती मोरीत गेली आणि तिने सगळी आंबील सावकाश ओतून दिली, वरून दोन तांबे पाणी टाकलं. मडकं घासून, पुसून, उपडं घातलं.

मी कपट्यावर लिहिलेला कमी चिडण्याचा संकल्प हे लिहितानाच मोडलाय. आईने तिचा संकल्प कागदावर लिहिला नाही. मोरीच्या दारात पदराला हात पुसत तिने तो मला सांगितला.

"फुडल्या साली मडकं आनू नगं."