मेणबत्त्या विझवणाऱ्या आत्या

त्या गावातल्या तीनशे वर्षांच्या चर्चची झाडलोट करणाऱ्या बाईंना सगळे आत्या म्हणतात. फादरसुद्धा. चणीनं एवढ्याशा, पण आवाज असा की वेदीजवळून ‘चपला!’ म्हटलं की दारातला माणूस मोजेही काढतो.

आम्ही यात्रेकरूंच्या बसनं गेलो होतो. मेव्हण्याचं दुसऱ्या दिवशी हृदयाचं ऑपरेशन होतं. बायकोनं मरियामातेच्या तसबिरीसमोर मेणबत्ती लावली, मनसोक्त रडली आणि तोंड धुवायला मागच्या अंगणात गेली; मीही तिच्यामागे गेलो. तेवढ्यात ड्रायव्हरनं बस सावलीत घेतली. इंजिनाचा आवाज ऐकून आत्यांना वाटलं, मंडळी निघाली. त्यांनी लांब दांड्याची पितळी टोपी घेतली आणि एकेक मेणबत्ती विझवायला लागल्या. बायको परत आली, तर तिच्या मेणबत्तीवर नुसता धूर!

“अहो, माझी मेणबत्ती! विझवलीत?”

“विझवली. बस सुटली असं वाटलं.”

“म्हणजे लोकांची पाठ वळली की रोज हेच?”

“रोज. अठ्ठावीस वर्षं झाली.”

माणूस चोरी इतक्या शांतपणे कबूल करत नाही. बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. “उद्या माझ्या भावाचं ऑपरेशन आहे हो!”

“ठाऊक आहे. धाकटा भाऊ. सिगारेट सोडत नाही.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“तुम्हीच. केवढ्यानं प्रार्थना करता, बाई! बाहेरच्या ड्रायव्हरलाही कळलं असेल.”

मला हसू आलं. बायकोच्या एका नजरेत ते गेलं.

आत्यांनी वर बोट केलं. तसबिरीतल्या मातेचा एक गाल काजळीनं पार काळवंडला होता. “सगळ्या शेवटपर्यंत जळू दिल्या, तर उरलेला चेहराही जाईल. म्हणून विझवते. पण मुकाट्यानं नाही. जिची मेणबत्ती, तिचं गाऱ्हाणं आधी मातेच्या कानावर घालते, मग ज्योतीवर टोपी ठेवते. तुमचंही घातलंय.” त्यांनी काडेपेटी पुढे केली. “तरी मन खात असेल तर लावा परत. ही संपेपर्यंत हात लावणार नाही.”

बायकोनं काडी काढली. त्या काळ्या गालाकडे बराच वेळ पाहिलं आणि काडी पेटीत परत ठेवली.

“ऑपरेशन अकराला आहे,” ती म्हणाली. “तेव्हा पुन्हा एकदा सांगाल?”

“अकराला मी फरशी पुसते. पुसता पुसता सांगितलं तर चालेल?”

“चालेल,” बायको म्हणाली आणि डोळे पुसून बसकडे निघाली.