वाट बघणारे श्रीधर सर

श्रीधर सरांची पहिली भेट झाली ती नानाखेड्याच्या बस स्टँडसमोर. तिथल्या एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात मी तिकिटे लिहितो. एक परदेशी जोडपे स्पॅनिशमध्ये काही विचारत होते आणि मला नुसता घाम फुटला होता. मागे उभ्या असलेल्या एका वयस्क गृहस्थांनी त्यांना शांतपणे उत्तर दिले. मग मला म्हणाले, "भैया, घाबरता कशाला? हॉटेल, टॅक्सी... यांचे कितीतरी शब्द तुमच्याच बोर्डावर लिहिलेत."

रेल्वेतून निवृत्त झालेले सर ही भाषा शिकले ते मुलीच्या स्पॅनिश सासरच्यांशी बोलता यावे म्हणून. पुढे माधव नगरातल्या घरी दर रविवारी ते आम्हा काही जणांना विनामूल्य शिकवू लागले. सर इंग्रजी शब्द देत आणि स्पॅनिश शब्द आम्ही अंदाजाने सांगायचा. 'स्टेशन'चे 'एस्तासिओन', 'फॅमिली'चे 'फामिलिया'. शब्द अडला तर सर तो कधीच पुरवत नसत. चहा गार होईपर्यंत वाट बघत. माझी बारावी अर्धवट राहिलेली, त्यामुळे चुकण्याच्या धास्तीने माझे तोंडच उघडत नसे. एकदा धीर करून 'कार्पेट'चे 'कार्पेता' म्हणालो. सर खळखळून हसले. "अरे, ती तर कागदांची फाइल झाली! पाहुण्यांना तिच्यावर बसवतोस का?" पण त्या दिवसापासून मी बोलू लागलो.

या उन्हाळ्यात सरांना पक्षाघाताचा झटका आला. हात-पाय सावरले, बोलणे मात्र अडखळते. रोज बोलते ठेवा, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. म्हणून ऑफिस सुटले की मी त्यांच्याकडे जातो. पहिल्या दिवशी मी "फॅमिली" म्हटले. सरांचे ओठ हलले, शब्द येईना. मला ते बघवेना. मीच घाईने "फामिलिया" म्हणून टाकले.

आतून सरांच्या पत्नी, आमच्या काकू, कडाडल्या, "तू चूप बैस ना जरा! त्यांना सोचू दे. त्यांनी तुला कधी असा आयता घास भरवला होता का?"

मी खुर्ची सरांजवळ ओढली. मग भीतभीतच "डिफिकल्ट" म्हटले. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने सर म्हणाले, "दि... फी... सिल." आणि माझ्याकडे बघत, सावकाश, "पण... येतं."

आपल्या पंचाहत्तरीच्या येत्या समारंभात आपण स्वतः दोन शब्द बोलणार, असा सरांचा हट्ट आहे. ते जमेल का, या विचाराने माझी झोप उडाली आहे. सरांचा हा गौरव अंक समारंभाआधी आपल्या हाती पडेल, म्हणून हात जोडून विनंती करतो. सर मंचावर अडले तर कोणीही शब्द सुचवू नये. टाळ्या वाजवून ती शांतता झाकू नये. थांबावे.

महाकाल सरांना उदंड, निरोगी आयुष्य देवो, आणि त्यांचे बोलणे पुरे होईपर्यंत थांबण्याचा धीर आम्हाला देवो.