शेंगा वाळेपर्यंत

"कुठी चाल्ली व?"

बाजेवर पडल्या पडल्या, डोळे न उघडता काका विचारायचे. आणि विचारायचे कुणाला, तर मला. मी पन्नाशीचा, मिशा राखलेला, पोट सुटलेला बाप्या. पण आमच्या अनसिंगच्या शेतातून घरी यायची वाट त्यांच्या वांग्याच्या मळ्यातून, त्यामुळे रोज दुपारी हे ऐकणं आलंच. "काकू नाई काका, मी हाय. घरीच चाल्लो," असं म्हटलं की ते हुंकार देऊन कूस बदलत.

खुळखुळा तुम्हीही रानात पाहिला असेल. पिवळी फुलं, मग फुगीर शेंगा. त्या वाळल्या की आतलं बी सुटं होतं आणि जरा धक्का लागला तरी वाजतं. लेकरं पायात बांधून नाचतात, मोठी माणसं निंदून फेकतात. काकांनी मात्र तो झोपडीभोवतीच्या बांधावर मुद्दाम पेरला होता, दाट, वाटेवर झुकेल असा.

कारण काकू. त्यांना सगळ्याचा विसर पडला होता, माहेर तेवढं शिल्लक होतं. पदराच्या ओट्यात चार वांगी घ्यायच्या आणि धनजला निघायच्या. "माय वाट पाहून राह्यली," म्हणायच्या. माय जाऊन जमाना झालेला, आणि मळ्याच्या वाटेवर बिनकठड्याची विहीर. लेक पुण्याकडे कामाला. रात्र जागून, पहाटे वांगी तोडून काका दुपारी जे पडत ते दगडासारखे. पण काकू निघाल्या की खुळखुळा वाजे, आणि झोपेतूनच प्रश्न येई. तेवढ्यानं काकू थांबत. "कुठी नाई," म्हणत माघारी फिरत.

"दाराले कडी लावत जा ना," मी एकदा शहाणपणा केला.

"थे काय बकरी हाय काय, भाऊ?"

एका श्रावणात बांध पिवळाधमक झाला. मी मोबाईलवर फोटो काढला, दोन ओळींची स्वतःची कविता जोडून घरच्या ग्रुपवर टाकला. घरच्यांनी नेहमीप्रमाणे मौन पाळलं. म्हणून तो काकांना दाखवला. त्यांनी तारवटलेल्या डोळ्यांनी पाहिलं.

"फुललं म्हंजे मुकं हाय, भाऊ. शेंगा वाळू दे. मंग झोपतो."

तोवर ते काकूंच्या लुगड्याचा पदर मनगटाला बांधून बसत. बसल्या बसल्या मान पडे, दचकून वर येई.

काकू विहिरीत पडल्या नाहीत, रस्त्यात हरवल्या नाहीत. त्या वर्षी भादव्यात, तापानं, बाजेवरच गेल्या. पदर काकांच्या मनगटालाच होता. शेंगा अजून हिरव्या होत्या.

दिवाळीनंतर बांध वाजायला लागला. वाऱ्यानं, होल्यांच्या फडफडीनं, कुणाच्या बकरीनं. काका दर वेळी अर्धे उठून विचारत. मला बघवेना. म्हटलं, उपटून टाकू का सगळा, निवांत झोपाल तरी.

"राहू दे," ते म्हणाले. "इचारलं नाई तं चाल्ली जाईन थे."

परवा दुपारी त्या वाटेनं आलो. खुळखुळा माझ्या पोटाला घासून चांगला वाजला. काका बाजेवर डोळे मिटून पडलेले. प्रश्न आला नाही. ऐकू गेलं नसेल म्हणून मी माघारी फिरलो आणि वाळली झुडपं दोन्ही हातांनी हलवत पुन्हा आलो. सगळा बांध वाजला.

मग बाजेच्या कडेला टेकलो. त्यांचा हात गार होता.

"घरीच चाल्लो, काका," मी म्हणालो.