लीलाताईच्या भिंतीवरची काच

काशीत पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्ल्यांत ढुंढिराज शेवडे घरात शिरला की लोक धास्तावायचे. जुनी घरं तपासणारा सरकारी इंजिनियर तो. ‘आले यमदूत’ असं पुटपुटतच लोक त्याच्यापुढे चहा ठेवायचे.

भिंतीला तडा दिसला की तो त्यावर आडवी काचेची पट्टी डकवायचा, दोन्ही टोकांना चुना थापून. भिंत सरकत असली की काच तडकते. मग घर रिकामं करायचं, टेकू द्यायचे, दुरुस्ती करायची.

अठ्ठ्याहत्तरचा पूर ओसरला आणि मंगला गौरीच्या देवळाजवळ त्याच्या सख्ख्या बहिणीच्या, लीलाताईच्या, स्वयंपाकघरात तडा निघाला. मार्गशीर्षात तिच्या गंगाचं लग्न, तेही घरातच. काच डकवताना त्याने मेहुण्यांना, नरहररावांना, सगळं समजावलं. ताईला एवढंच म्हणाला, "हिला अशीच राहू दे." बायकांना खोलात कशाला सांगायचं, हे आपलं पिढीजात शहाणपण!

लग्नाच्या तोंडावर तो तपासायला आला. नरहरराव आमंत्रणं करत गावभर फिरत होते. आत सोवळ्यातला स्वयंपाक चाललेला, हा बाहेरून आलेला, ओवळा. उंबऱ्यातूनच त्याने वाकून पाहिलं. काच अख्खी होती. परक्याच्या घरी त्याने चूल विझवायला लावून काचेवर नख फिरवलं असतं. बहिणीच्या घरी भीड आड आली, आणि भीड ही भिकेची बहीण. "करा लग्न निर्धास्त," असं म्हणून तो गेला.

लग्न थाटात झालं. गंगा सासरी गेली, मांडव उतरला. मग एका दुपारी नरहरराव पानावर बसले होते आणि ताई ताक आणायला कोठीत गेली होती, तेवढ्यात भिंत खाली आली. नरहरराव विटांखालीच गेले.

गल्लीने ढुंढिराजला सोडलं नाही. शेजारचा विश्वेश्वर मिसिर तोंडावर म्हणाला, "अपनी बहिन का मकान नहीं पहचान पाए, इंजीनियर साहब?" काच अख्खी असताना भिंत सरकली कशी, हे ढुंढिराजलाच कळत नव्हतं.

सुतकात तो ताईजवळ बसून होता. तीच बोलू लागली.

"मी काही म्हणजे काही अशुभ राहू दिलं नव्हतं रे, ढुंढ्या. देवक बसवायच्या आदल्या दिवशी तुझी काच तडकलेली दिसली. लग्नघरात फुटकी काच ठेवतात का? जुन्या तसबिरीची काच कापून घेतली आणि भिंती रंगवायला आलेल्या पुताईवाल्याकडून तश्शीच डकवून घेतली. तुला कामाचा व्याप, म्हणून बोलले नाही. एवढं करून माझ्याच कुंकवावर का रे यावं?"

भिंत सरकली कशी, ते ढुंढिराजला आता कळलं. खरं सांगितलं असतं तर त्याचं नाव धुऊन निघालं असतं, आणि ताई जिवंतपणी मेली असती.

"काचेचा काय संबंध, ताई," तो म्हणाला. "चूक माझी. मी नीट पाहिलं नाही."

चौकशीतही त्याने तेच सांगितलं. त्याची बढती गेली, तपासणीचं काम गेलं, त्याला कोठारावर बसवलं.

चूक त्याचीच, या त्याच्या शब्दावर ताईने विश्वास ठेवला. पुढे ती पुष्कळ वर्षं जगली, राजा घाटाजवळ दोन खोल्यांत. दर भाऊबीजेला ढुंढिराज स्नान करून तिच्या दाराशी जायचा. तिने त्याला पुन्हा कधी ओवाळलं नाही.