शू घराण्याचा उंबरा

बाओछिनताईच्या तोंडी लागू नये, असं दक्षिण चीनमधल्या आमच्या छाओचौ शहरात नदीकाठचे भाजीवालेही सांगतील. बाई शहर दाखवते. झेंडा धरून माणसांचा कळप हाकणाऱ्यांतली ती नव्हे. एक कुटुंब, एक गाडी आणि दिवसभर ताई फक्त त्यांची. गाडी माझी, तीनचाकी, बॅटरीवरची. मी तिचा चुलतभाऊ, आ-तोंग. गाडी हळू चालवली तरी शिव्या खातो, जोरात चालवली तरी खातो.

नवऱ्याशी पटेना तेव्हा ती बॅग उचलून माहेरी, आमच्याच गल्लीत परत आली. भावकी म्हणाली, "लग्न झालेली मुलगी म्हणजे सांडलेलं पाणी." ताई म्हणाली, "मग पाय जपून टाका, घसराल."

पण एका उंबऱ्यापुढे तिचंही काही चालत नसे. आमच्या शू घराण्याचं पूर्वजांचं मंदिर. गिऱ्हाईक आत जाऊन कोरीवकाम बघायचं आणि ताई उंबऱ्याबाहेरून ओरडून माहिती द्यायची. का, तर घरच्या मुलींनी पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांसमोर जायचं नाही, असा रिवाज. परक्या बायका फोटो काढत फिरल्या तरी चालतं, पोटच्या पोरी नकोत! सांगा आता, याला काय म्हणायचं?

परवा थंडीच्या सणाला, पूर्वजांना उदबत्ती लावायच्या दिवशी, बँकॉकहून एक आजी आल्या. शू वानसिन. एकट्या, हातात काठी. गाडीत बसल्या बसल्या म्हणाल्या, "पोरी, मला पूल दाखवू नकोस, कमानी दाखवू नकोस. मला शूंच्या मंदिरात ने. माझे बाबा, शू बुनहाई, इथून पोरवयात गेले, ते परत आलेच नाहीत. मरताना म्हणाले, सणाच्या दिवशी घरी माझ्या नावाने उदबत्ती लाव. मला भाऊ नाही. आणि माझे गुडघे सांगतायत की पुन्हा येणं व्हायचं नाही."

ताईने हातातला नकाशा मिटला आणि मला मंदिराकडे वळायला सांगितलं, तेही शिवी न घालता. मी आरशात दोनदा बघितलं.

मंदिराच्या अंगणात मुक्वांगकाका बसले होते, भावकीतले सगळ्यांत थोरले. पुढ्यात चहाचं ताट, त्यात नेहमीच्या तीन इवल्या कपबश्या. आजींना बघून म्हातारा खूश झाला. "बँकॉकचे शू? या, या, बसा!" आणि त्यांनी किटलीतली जुनी पत्ती उपसायला घेतली. आमच्याकडे पाहुणा आला की पत्ती बदलतात. शिळ्या पत्तीचा चहा परक्याला देणं म्हणजे त्याला घालवून देणं.

आजींनी काकांच्या हातावर हात ठेवला. "राहू द्या. पत्ती पाहुण्यासाठी बदलतात. मी माहेरी आलेय. किटलीत आहे तोच ओता."

काकांनी किटली खाली ठेवली. शेवटी ताईनेच पुढे होऊन ओतला. चहा कसला, नुसतं पिवळट पाणी. आजी तो चवीने प्यायल्या आणि पिशवीतून उदबत्त्या काढून उठल्या.

"अहो, थांबा थांबा," काका म्हणाले. "पाहुण्या म्हणून बघायला जा, खुशाल जा. पण उदबत्ती मुलगी लावत नाही. तुमच्या वतीने हा आ-तोंग लावेल. शू आहे तो."

मी! आईने कान धरून नेल्याशिवाय जो तिथे फिरकत नाही, तो मी शू. आणि समुद्र ओलांडून आलेली ही बाई कोणी नाही. माझं डोकंच फिरलं.

"काका," मी म्हणालो, "माझ्या बापाला मी आहे. यांच्या बापाला या आहेत. मी नाही लावणार."

"तुझी जीभ फार लांब झाली रे! हिच्या नादाने झाली," काका ताईकडे वळले. "बाओछिन, या बाईने आत उदबत्ती लावली तर तुझं एकही गिऱ्हाईक पुन्हा या दारातून येणार नाही. तुला गिऱ्हाइकं पाठवणाऱ्या कंपनीला फोन करतो."

"करा की. नंबर देऊ? आणि उद्यापासून ते कोरीवकाम तुम्हीच ओरडून सांगा. बघू किती जण ऐकतात." ताईने आजींचा दंड धरला. "चला आजी. उंबरा उंच आहे, पाय उचला."

असं म्हणत ती स्वतःही आत गेली. जन्मात पहिल्यांदा. अंगणातले म्हातारे उठून उभे राहिले, पण आडवं कोणी आलं नाही. तेवढी छाती कोणाला होती!

आजींनी उदबत्त्या पेटवल्या आणि त्या थांबल्या. का थांबल्या ते मला कळलं. उदबत्ती लावणाऱ्याचं नाव पुकारावं लागतं, कोण कोणाला भेटायला आलंय ते पूर्वजांना कळावं म्हणून. पुकारायचा मान काकांचा, आणि काका ओठ घट्ट मिटून दारात उभे. आजींनी वळून बघितलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण विनवणी नव्हती.

ताईने घसा साफ केला. उंबऱ्याबाहेरून एवढी वर्षं ज्या आवाजाने तिने गिऱ्हाइकांना तुळया न् खांब दाखवले, तो आवाज पहिल्यांदा आतून निघाला. "शू बुनहाई यांची मुलगी, शू वानसिन! बँकॉकहून आली आहे!"

आजींनी वाकून उदबत्त्या राखेत खोचल्या. "बाबा, आले हो," एवढंच म्हणाल्या आणि काठीवर कपाळ टेकवून रडल्या.

काका बाहेरून ओरडले, "झालं ना मनासारखं? चला आता बाहेर!"

"नाही झालं," ताई म्हणाली. आजींच्या पुड्यातल्या उरलेल्या उदबत्त्या तिने घेतल्या, पेटवल्या, आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "शू येकबुन यांची मुलगी, शू बाओछिन! इथेच होती, बाहेर उभी!"