किडेबाई

किडेबाई मुलांना काळा खडू देत नसत. तो त्यांच्या कमरेला खोचलेल्या रुमालात असायचा. कोणी मागितला की म्हणायच्या, "आधी मुंगी बघून ये. काळी दिसली तर देते." पोरं अंगणात पालथी पडून मुंग्या बघायची आणि परत येऊन तपकिरी मागायची, तांबडा मागायची. माझ्या नातीने, जुईने, एकदा जांभळा मागितला. बाईंनी काही न विचारता दिला.

बाई बालवाडीतून निवृत्त झालेल्या. इंदिरानगरला आमच्या शेजारच्या बंगल्यात एकट्या राहायच्या. संध्याकाळी गल्लीतली चार-पाच वर्षांची पोरं त्यांच्या बागेत जमायची. किडा पकडायचा नाही; तो बसलाय तिथे जाऊन बघायचा आणि चटईवर येऊन रंगवायचा.

माझं दुकान फवारणीच्या औषधांचं. विंचूरहून एका पिशवीनिशी आलो, दुसऱ्याच्या दुकानात खोकी उचलली, मग स्वतःचं थाटलं. माझं घरच किड्यांच्या मरणावर उभं. त्यामुळे जुईला पहिल्यांदा सोडायला गेलो आणि मांडवावरच्या द्राक्षवेलीवर उडद्या भुंगेरा दिसला, तेव्हा माझं डोकं फिरलं.

"अहो बाई, कोवळे कोंब खातो हा! आणि तुम्ही पोरांना याचं कौतुक शिकवता?"

"ओळखीचा दिसतो तुमच्या. रंग कोणता हो याचा, शेठ?"

"तांब्याच्या तपेल्यासारखा. पाठीवर सहा काळे ठिपके."

"मग बसा चटईवर. तुम्ही सांगा, आम्ही रंगवतो."

मी मांडी घालून बसलो. बायको गेल्यापासून मला कोणी नुसतं 'बसा' म्हटलं नव्हतं. लोक यायचे ते 'किती कमी कराल' एवढंच विचारायला. त्यानंतर मी रोज दुकान लवकर बंद करून तिथे बसू लागलो.

बाईंचा आणखी एक नियम होता. किडा पुरा रंगवायचा नाही. एक पंख किंवा दोन पाय कोरे ठेवायचे आणि कागद बाईंकडे द्यायचा. "उरलेला उद्या," त्या म्हणायच्या. मी धंद्यात मुरलेला माणूस, माझ्या लगेच ध्यानात आलं.

"बाई, हे तर गिऱ्हाईक बांधून ठेवणं झालं."

"हळू बोला, पोरं ऐकतील," त्या हसल्या. मग कागदांचा गठ्ठा सारखा करत म्हणाल्या, "पोरं नाही आली ना, की संध्याकाळ सरतच नाही हो."

पण पोरं कमी होत गेली. कोणाला पोहण्याचा क्लास, कोणाला गणिताचा. अशातच बाईंचा मुलगा सुहास पुण्याहून आला. बंगला बिल्डरला द्यायचा आणि आईला पुण्याला न्यायचं, असं त्याचं ठरलं होतं. बाई कुंपणापाशी येऊन मला म्हणाल्या, "मला नाही जायचं. तुम्ही बोलाल का त्याच्याशी?"

बोलणं हा तर माझा धंदा. बाईंच्या बैठकीत सुहास आणि बिल्डर समोर बसवले. आवाज चढवला, उठून दारापर्यंत गेलो, परत आलो. बिल्डर घाम पुसत म्हणाला, "काका, तुम्ही लय ताणता राव!" शेवटी त्याच्याकडून कबूल करून घेतलं: तळमजल्याचा फ्लॅट बाईंना, पुढची माती तशीच, मांडवाला हात लावायचा नाही. बांधकाम होईपर्यंत बाई आमच्याकडे राहतील, हेही मीच ठरवून टाकलं. सुहासने हे सगळं ऐकून घेतलं. मग हळूच लेकीचं सांगू लागला, "आई, आम्ही दोघं कामावर असतो गं. ओवी शाळेतून येते आणि कुलूप उघडून एकटीच बसते."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "राहू द्या, शेठ. मी जाते."

हाताशी आलेला सौदा त्यांनी सगळ्यांदेखत मोडला. माणसं गेल्यावर मी ओरडलोच, "जायचंच होतं तर मला कशाला भांडायला लावलंत?"

"मला खरंच राहायचं होतं. ओवीचं आत्ता कळलं." त्या चहाचे कप गोळा करत होत्या. "आणि माझ्या बाजूने कोणी एवढं भांडतंय, हे कधी ऐकलं नव्हतं. म्हणून मध्येच थांबवलं नाही तुम्हाला."

तो राग माझ्या मनात अजून आहे. जुई पहिलीत गेली, तिचेही क्लास सुरू झाले. बंगल्याच्या जागी बांधकामाचे पत्रे उभे राहिले.

मागच्या महिन्यात बाईंचा फोन आला. "सातवा मजला आहे हो. इथे डाससुद्धा चढत नाही. ओवी विचारते, आजी, बघायचं काय?"

"मग तिला घेऊन या सुट्टीत. आमच्याकडे उतरा."

पलीकडे काहीच ऐकू येईना. सौद्यात समोरचा गप्प झाला की त्याला भाव पटला, असं मी धरतो. इथे मला काही धरता येईना. मग "ओवी हाक मारतेय" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दुकान लवकर बंद केलं. थोडा वेळ पायरीवर उभा राहिलो. जायला कुठे नव्हतं, म्हणून शटर पुन्हा वर केलं.